रंगवेडे पाउल एर्लिक

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात एका जर्मन डॉक्टरांवर लेख कशासाठी, असे काही मित्र विचारतील. त्यांना माझे उत्तर एवढेच, की पाउल एर्लिक यांचे चरित्र वाचताना मला वैद्यापेक्षा रंगाऱ्याचीच आठवण अधिक झाली. टेबल, बोटे, सारे रंगांनी माखलेले. आणि डोक्यात आयुष्यभर एकच प्रश्न. हा रंग याच पेशीवर का बसतो, शेजारच्या पेशीवर का नाही?

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. त्यांच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी लंडनमध्ये पर्किन या तरुणाने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळवला आणि पाहता पाहता जर्मनीत कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले. ते रंग कापडासाठी होते. परंतु एर्लिक यांच्या आईच्या नात्यातील कार्ल वायगर्ट हे संशोधक त्याच रंगांनी शरीराच्या ऊतींचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. तरुण पाउलला त्याचे वेड लागले ते कायमचेच. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला त्यांनी जो प्रबंध सादर केला, तोही रंगांवरच.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिख्स यांच्या हाताखाली त्यांना मोकळीक मिळाली. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरावा, वाळवावा, तापवावा आणि रंगवावा, हा त्यांचा उद्योग. पांढऱ्या पेशींतील काहींचे कण आम्लधर्मी इओसिन पकडत, काहींचे अल्कधर्मी रंग, तर काहींचे उदासीन रंग. त्यावरून पेशींच्या जाती ठरल्या आणि इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल ही नावे रूढ झाली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे: या नावांतले ‘फिल’ आणि ‘फिलॉसॉफी’तले ‘फिल’ एकाच ग्रीक कुळातले. इओसिनोफिल म्हणजे इओसिनवर प्रेम करणारी पेशी!

१८८२ मध्ये त्यांनी फ्लुओरेसीन नावाचा, प्रकाश पडताच हिरवा चमकणारा रंग प्राण्यांना टोचून डोळ्यातील द्रवाचा मार्ग शोधला. त्याच वर्षी कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला, आणि तो रंगवण्याची अधिक चांगली रीत एर्लिक यांनी लगोलग काढली. दैव असे, की काही वर्षांनी त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले. बरे होऊन १८८९ मध्ये परतले, तेव्हा हाती नोकरी नव्हती. फ्रेरिख्स आधीच वारले होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या प्रमुखांना या रंगांचे कौतुक नव्हते. पत्नी हेडविग कापड कारखानदाराची मुलगी. तो आधार होता म्हणून निभावले. नंतर कॉख यांच्या संस्थेत त्यांनी बिनपगारी काम पत्करले. चरित्रातील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे दुसरा कोणी रंग सोडून दवाखाना थाटून बसला असता.

घटसर्पावरील सीरमचे प्रमाण ठरवताना त्यांचा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. विषाला नेमके तेच प्रतिपिंड कसे चिकटते? १८९७ मध्ये त्यांनी उपपत्ती मांडली, की पेशीच्या अंगावर निरनिराळ्या बाजूसाखळ्या असतात. कुलपात किल्ली बसावी तसे विष त्यांत अडकते; मग पेशी तशाच साखळ्या भरमसाट तयार करून रक्तात सोडते, आणि तीच प्रतिपिंडे. एकाच पेशीवर सर्व प्रकारच्या साखळ्या असतात असे त्यांनी मानले. ते पुढे टिकले नाही. पण प्रतिपिंड आधी पेशीच्या पृष्ठभागावर असते, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मेच्निकॉफ यांच्यासह मिळाले. १९०९ मध्ये जपानी सहकारी हाता यांच्यासह सापडलेले, उपदंशावरचे ‘६०६’ क्रमांकाचे औषध तर जगभर गाजले. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

चमकणारा रंग, रंगाने ओळखलेल्या पेशी, नेम धरून चिकटणारे प्रतिपिंड, हे तिन्ही त्यांच्या हातात होते. तरी त्यांची सांगड त्यांनी घातली नाही. याचा दोष मी त्यांना देत नाही. तशी चमक दाखवणारे सूक्ष्मदर्शक त्यांच्या अखेरच्या वर्षांतच तयार होऊ लागले होते. ही सांगड सुचली ती अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट कून्स यांना, आणि तीही १९३९ च्या उन्हाळ्यात, बर्लिनच्या मुक्कामात! त्या काळी जर्मनीत नाझींचे राज्य होते. एर्लिक ज्यू म्हणून फ्रँकफुर्टच्या रस्त्याचे त्यांचे नाव नाझींनी पुसून टाकले. युद्धानंतर ते पुन्हा लागले. वृद्ध हेडविगना देश सोडावा लागला. कून्स यांनी हार्वर्डला परतून १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. पहिला रंग निळा होता, पण ऊतींच्या स्वतःच्या निळसर चकाकीत तो मिसळून जाई. म्हणून नंतर त्यांनी घेतला तो फ्लुओरेसीन, एर्लिक यांचाच जुना सोबती.

मग १९६९ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये हर्झेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अशा चमकत्या पेशी वेगळ्या काढणारे यंत्र केले. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी बारीक धारेतून एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या जातात. लेसरचा झोत पडतो, कोणत्या पेशीवर कोणता रंग चमकला हे टिपले जाते, आणि हजारो पेशी एका सेकंदात मोजून होतात.

माझ्या काकांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा त्याची जात अशाच यंत्राने ठरली. अहवालात सीडी १९, सीडी २० अशी नावे होती. या पेशींच्या अंगावरच्या खुणा. ज्या प्रतिपिंडांनी त्या ओळखतात, त्यांना वेगवेगळे चमकणारे रंग जोडलेले असतात. काकांच्या रोगट पेशींवर सीडी २० आढळले, म्हणून त्यांना रितुक्सिमॅब सुरू केले. हे औषधही एक प्रतिपिंडच आहे. ते शिरेतून जाते आणि सीडी २० ला शोधून त्यालाच चिकटते.