कोड्यात टाकणारा टॉर्केमाडा

रविवारचा ‘ऑब्झर्व्हर’ हाती पडला, की बातम्यांची पाने बाजूला सारून थेट शब्दकोड्याकडे वळणारा वाचकवर्ग इंग्लंडमध्ये १९२६ नंतर तयार झाला. कोड्याखाली नाव असे टॉर्केमाडा. पंधराव्या शतकात स्पेनमध्ये धर्मद्रोहाचा संशय असलेल्यांची चौकशी आणि छळ करणाऱ्या न्यायासनाचा हा प्रमुख. वाचकांचा छळ मांडण्यासाठी हे नाव घेणारा गृहस्थ प्रत्यक्षात मात्र कवितेत रमणारा अनुवादक होता. त्याचे खरे नाव एडवर्ड पॉइस मॅथर्स.

मॅथर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात झाला. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेतल्यावर ते पौर्वात्य काव्याकडे वळले. ‘अरेबियन नाइट्स’चे फ्रेंचवरून केलेले त्यांचे इंग्रजी भाषांतर गाजले. भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे त्यांचे काम म्हणजे बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेले मुक्त रूपांतर. काश्मीरमधून निघून कल्याणीच्या चालुक्य दरबारात मान मिळविणाऱ्या या अकराव्या शतकातील कवीला मॅथर्स यांनी इंग्रजीत नवा वाचक मिळवून दिला. पुढे जॉन स्टाइनबेक यांनी ‘कॅनरी रो’ या १९४५ च्या कादंबरीत याच रूपांतराचा आधार घेतला. तोवर मॅथर्स हयात नव्हते.

शब्दकोडे तेव्हा अगदीच नवे होते. आर्थर विन यांचे पहिले कोडे न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले आणि १९२४ पर्यंत ते इंग्लंडला पोचले. मात्र सूचना म्हणजे सरळ समानार्थी शब्द, असा तो साधा मामला होता. मॅथर्स यांना त्यात रस वाटला नाही. त्यांनी सूचनेत फसवणूक आणली. वरवर एक वाक्य वाचायचे आणि आतून त्याचे वेगळेच तुकडे पाडायचे, ही ती रीत. मराठीत तिची चुणूक दाखवायची तर अशी सूचना घेता येईल : ‘नदी उलटी वाहिली, की गरीब (२ अक्षरे)’. वाचक पूर आणि दुष्काळाच्या विचारात पडतो. उत्तर मात्र ‘नदी’ची अक्षरे उलटवून मिळणारे ‘दीन’! उत्तराचा अर्थ सूचनेतच असतो, उरलेले शब्द त्याची घडण सांगतात. उकल करणाऱ्याने वाक्याच्या अर्थाला भुलायचे नाही, एवढेच पथ्य.

टॉर्केमाडाचे पथ्य याहून कडक होते. त्याला बायबल, शेक्सपिअर, बालगीते, विस्मृतीत गेलेले कवी असे सारे काही पाठ असणारा वाचक हवा असे. काही कोडी तर पद्यातच रचलेली. जाळ्यात काळ्या चौकटींऐवजी ठळक रेघांनी शब्दांच्या सीमा दाखविण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली. शब्दांची यादी मॅथर्स निवडत, पण ते शब्द चौकटींत बसविण्याचे किचकट काम पत्नी रोझामंड यांचे. मग मॅथर्स सूचना लिहीत. अशी ६७० कोडी निघाली. छापील नाव मात्र एकाच माणसाचे राहिले.

त्यांच्यावर आक्षेपही आहे आणि तो रास्त आहे. त्यांच्या कित्येक सूचना केवळ दूरान्वयाने उत्तराकडे नेत; उत्तर सापडले तरी ते बरोबर की चूक, याची खात्री पटत नसे. त्यांच्यानंतर ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी झिमेनेस या दुसऱ्या स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले, पण सूचना काटेकोर असावी असा नियम घालून दिला आणि १९६६ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. कोडेकाराने वाचकाला चकवावे, पण न्यायाने चकवावे, हा वाद इंग्रजी शब्दकोड्यांच्या जगात टॉर्केमाडापासूनच सुरू झाला.

याच वृत्तपत्रात ते टॉर्केमाडा याच नावाने रहस्यकथांची परीक्षणे लिहीत. त्या व्यासंगातून १९३४ मध्ये ‘केन्स जॉबोन’ हे विलक्षण कोडे जन्मले. शंभर पानांची रहस्यकथा, सहा खून, आणि पाने मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापलेली. वाचकाने योग्य क्रम लावून खुनी आणि बळी ओळखायचे. शंभर पानांच्या संभाव्य क्रमांची संख्या लिहायला १५८ अंक लागतात, यावरून केवळ अंदाजाने क्रम लावू पाहणाऱ्याची काय गत होईल ते कळावे. त्या काळी दोघांनाच हे जमले. पुढे पुस्तक विस्मरणात गेले.

३ फेब्रुवारी १९३९ रोजी मॅथर्स झोपेतच गेले. वय अवघे ४६. त्यांच्या निवडक ११२ कोड्यांचे पुस्तक १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत निघाले. ‘केन्स जॉबोन’ मात्र २०१९ मध्ये पुन्हा छापले गेले आणि हजार पौंडांचे बक्षीस लावण्यात आले. २०२० मध्ये टाळेबंदीत घरी अडकलेले ब्रिटिश विनोदी लेखक जॉन फिनेमोर यांनी कित्येक महिने पाने मांडून ते सोडविले. उत्तर जाहीर करण्यात आले नाही.