वकील कोल्हटकर आणि माझी साक्ष

सोसायटीच्या रस्त्याच्या दाव्यात मी वर्ध्याच्या कोर्टात साक्ष दिली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी तीनदा उजळणी करून घेतली. मोजणीच्या वेळी मी हजर होतो, असं सांगायचं होतं. खरं तर त्या दिवशी मी हिंगणघाटला मेव्हण्याच्या लग्नात होतो! रात्री झोप येईना, म्हणून कपाटातलं कोल्हटकरांचं पुस्तक काढलं.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर म्हणजे आपल्याच विदर्भाचा माणूस. जन्म नागपूरचा, २९ जून १८७१. शाळा अकोल्याला, कॉलेज पुण्याला. १८९७ साली एलएल.बी. होऊन त्यांनी अकोल्यात वकिली सुरू केली. पुढे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव-जामोदला बस्तान बसवलं. तालुक्याच्या कोर्टात वकिली करायची आणि घरी येऊन नाटकं लिहायची, असा हा गृहस्थ. 'मूकनायक' त्यांचंच, आणि महाराष्ट्रगीतही. ज्योतिर्गणितावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. एवढा वेळ कुठून काढत असतील, देव जाणे.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९०२ साल. 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा विनोदी लेख आला, नाव 'साक्षीदार'. ज्या कोर्टावर पोट चालायचं, तिथल्याच माणसांची थट्टा करून मराठी विनोदी लेखनाला त्यांनी नवी वाट दिली. पुढे 'सुदाम्याचे पोहे' झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या घरोघरी पोचले. 'चोरांचे संमेलन'ही त्यातलंच. चोरांना इतक्या जवळून पाहायला वकीलच हवा! राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानायचे. १९२७ साली ते पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १ जून १९३४ ला गेले.

त्या रात्री आधी खूप हसलो. मग वाटलं, ह्या माणसासमोर उद्या मी उभा राहिलो, तर तो मला बरोबर ओळखेल.

सकाळी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि मोजणीला हजर नव्हतो, एवढंच सांगून टाकलं. परतीच्या ऑटोत वकीलसाहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कमिटीतले दोघं तर महिनाभर रुसले होते. दावा आणखी चार वर्षं चालला. शेवटी रस्ता मिळाला, तो मोजणीच्या नकाशावरून.