सही फाडलेली प्रॉमिसरी नोट

अमेरिकेच्या राजकारणातला कॅथलिक म्हटले की आपल्याकडे जॉन केनेडींचे नाव निघते. पण केनेडी १९६० साली ज्या दारातून आत गेले, ते दार त्यांच्याआधी कितीतरी वर्षे बाहेरून ठोठावले जात होते. ठोठावणाऱ्यांपैकी न्यूयॉर्कचे अल स्मिथ पुष्कळांना ठाऊक असतात. दुसरे होते मोंटाना या पश्चिमेकडच्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या राज्याचे सिनेटर टॉमस जेम्स वॉल्श. १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या दिवसांत मी बँकेत होतो. संसदीय चौकशी म्हणजे नेमके काय असते, हे कळावे म्हणून मी ग्रंथालयातून पुस्तके आणू लागलो आणि त्यांत मला हा माणूस भेटला. अमेरिकेत काय घडले यापेक्षा हिशेबाच्या कागदावरून त्याने माणूस कसा ओळखला, याचे मला जास्त कुतूहल वाटले.

वॉल्श यांचा जन्म १२ जून १८५९ चा, विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स या सरोवराकाठच्या गावी. आईवडील आयर्लंडहून आलेले. आधी मास्तरकी, मग १८८४ मध्ये कायद्याची पदवी, मग डाकोटा प्रदेशात भावाबरोबर वकिली, असे टप्पे घेत ते १८९० मध्ये मोंटानाच्या हेलेना या राजधानीत आले. मोंटानाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा वर्षच झाले होते.

हे राज्य तांब्याचे. ब्यूट गावच्या टेकडीखाली तांबे सापडले आणि आयरिश कामगारांची रीघ लागली. मालकही कॅथलिक आयरिश असू शकत होता. अ‍ॅनाकोंडा कंपनीचा पाया घालणारे मार्कस डेली स्वतः आयर्लंडहून दरिद्री अवस्थेत आलेले. म्हणजे खाणीत हात गमावणारा आणि त्याची भरपाई नाकारणारा हे दोघे रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकू शकत. वॉल्श यांनी आपली वकिली जखमी कामगारांच्या बाजूने वाढवली. धर्म एक असला तरी बाजू निवडावीच लागते, हा धडा त्यांना फार लवकर मिळाला असावा.

त्या काळी सिनेटर राज्याचे कायदेमंडळ निवडत असे आणि मोंटानात या निवडीचा बाजार भरे. १८९९ मध्ये विल्यम क्लार्क या तांबेसम्राटासाठी लाच वाटली जात असल्याचा पुरावा म्हणून एका आमदाराने ३० हजार डॉलर सभागृहापुढे आणून ठेवले. तरीही क्लार्क निवडून आले! सिनेटने चौकशी केली तेव्हा त्यांना १९०० मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. अशा राज्यात कंपनीचा माणूस नसलेल्या वकिलाने सिनेटचे स्वप्न पाहणे सोपे नव्हते. वॉल्श १९०६ मध्ये प्रतिनिधिगृहाची निवडणूक हरले. १९११ मध्ये कायदेमंडळात कंपनीच्या माणसांनी त्यांची वाट अडवली. १९१३ मध्ये ते सिनेटमध्ये पोचले तेव्हा त्यांचे वय ५३ होते. मात्र पुढे कंपनीशी त्यांचे वैर मावळत गेले. ती राज्याची अन्नदाती होती आणि मते राज्यातूनच यायची होती.

सिनेटमधले त्यांचे सुरुवातीचे एक काम मला महत्त्वाचे वाटते. १९१६ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी लुई ब्रँडाइस यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. तिथे येणारे हे पहिले ज्यू. महिनोन् महिने काहूर उठले. आक्षेप कायद्याच्या भाषेत लिहिले होते, पण त्यामागे काय होते हे ज्याच्या स्वतःच्या धर्माकडे संशयाने पाहिले जाई त्याला चटकन कळले असणार. वॉल्श उपसमितीत होते आणि त्यांनी ब्रँडाइस यांची बाजू उचलून धरली.

दोनच वर्षांनी त्यांची दुसरी बाजू दिसली. महायुद्धाच्या उन्मादात मोंटानाने फेब्रुवारी १९१८ मध्ये राजद्रोहाचा कडक कायदा केला आणि त्याच्याच शब्दांवर बेतलेला कायदा मे महिन्यात वॉशिंग्टनने केला. वॉल्श यांचा त्याला पाठिंबा होता. राज्यातले सरकारी वकील बर्टन व्हीलर हे वॉल्श यांचेच पाठबळ लाभलेले तरुण. ते कुणालाही उठसूट तुरुंगात घालायला तयार नव्हते, म्हणून देशभक्तांचा रोष त्यांच्यावर. त्या वर्षी वॉल्श यांची निवडणूक होती. व्हीलर यांना खुर्ची सोडावी लागली आणि वॉल्श जिंकले. मोंटानाच्या त्या कायद्याखाली नुसत्या बोलण्याबद्दल शिक्षा झालेल्या ७८ जणांना राज्याने मरणोत्तर माफी दिली ती थेट २००६ मध्ये. वॉल्श यांनी मात्र लवकर कूस बदलली. अ‍ॅटर्नी जनरल पामर यांनी परदेशी कामगारांवर घातलेल्या छाप्यांची १९२१ मध्ये सिनेटमध्ये चौकशी झाली, तेव्हा ते छापे बेकायदा होते असे वॉल्श यांनी सविस्तर लिहून ठेवले. चरित्रकाराने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात. एक दुसरीला पुसत नाही.

आता टीपॉट डोम. वायोमिंगमधल्या चहाच्या किटलीसारख्या दिसणाऱ्या एका खडकावरून हे नाव पडले. त्याच्या आसपासचे तेल आरमारासाठी राखून ठेवलेले होते, तसेच कॅलिफोर्नियातल्या एल्क हिल्सचेही. १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग यांनी हे साठे आरमाराकडून काढून गृहखात्याकडे दिले. हे गृहखाते म्हणजे आपल्यासारखे पोलिसांचे नव्हे. जमिनी आणि खनिजे त्याच्या ताब्यात. मंत्री होते न्यू मेक्सिकोचे अल्बर्ट फॉल. त्यांनी जाहीर लिलाव न करता टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअर यांना आणि एल्क हिल्स एडवर्ड डोहेनी यांना भाड्याने दिले. सिनेटने चौकशी मागितली. सरकारी जमिनींच्या समितीत बहुमत रिपब्लिकनांचे, म्हणजे सत्ताधाऱ्यांचे. चौकशी सुरू झाली तेव्हा अध्यक्ष होते यूटाचे रीड स्मूट, ज्यांना मॉर्मन असल्यामुळे स्वतःची सिनेटची जागा टिकवायला चार वर्षे झगडावे लागले होते. खात्याने ढिगाने कागद पाठवले. ते वाचायचे काम अल्पमतातल्या वॉल्श यांच्या गळ्यात पडले आणि त्यांनी ते सुमारे दीड वर्ष वाचले.

ऑक्टोबर १९२३ मध्ये साक्षी सुरू झाल्या. भूगर्भतज्ज्ञ आले, त्यांची बोजड भाषणे झाली, वार्ताहर कंटाळले. वॉल्श यांचा प्रश्न मात्र कुठल्याही शाखेतला जुना कॅशियर विचारील असा होता: या गृहस्थांकडे पैसा आला कुठून? न्यू मेक्सिकोहून आलेल्या कार्ल मॅगी या संपादकाने सांगितले की फॉल यांच्या थ्री रिव्हर्स इथल्या कुरणाचा वर्षानुवर्षे थकलेला कर एकाएकी भरला गेला आहे, जमीन वाढली आहे, डागडुजी झाली आहे. फॉल यांनी कळवले की वॉशिंग्टन पोस्टचे मालक एडवर्ड मॅक्लीन यांच्याकडून आपण १ लाख डॉलर कर्जाऊ घेतले. मॅक्लीन प्रकृतीच्या सबबीवर फ्लोरिडातून हलेनात. तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये वॉल्श स्वतः पाम बीचला गेले. तिथे मॅक्लीन यांनी कबूल केले की चेक दिले होते खरे, पण ते न वटवताच परत आले. न वटलेला चेक म्हणजे कर्ज नव्हे, हे सांगायला सिनेटर लागत नाही. पण ते शपथेवर वदवून घ्यायला लागतो.

२४ जानेवारीला डोहेनी समितीपुढे आले आणि ते १ लाख डॉलर आपणच दिले होते असे त्यांनी सांगून टाकले. आपल्या मुलाच्या हाती, रोख, एका लहान काळ्या बॅगेतून. एवढी रक्कम आपल्यासारख्याला किरकोळ आहे, असा त्यांचा सूर होता. मग त्यांनी प्रॉमिसरी नोट हजर केली. तिच्यावर सहीची जागा फाडलेली होती! खुलासा असा की आपण मेलो तर वारसांनी जुन्या मित्रामागे तगादा लावू नये, म्हणून सहीचा तुकडा बायकोकडे ठेवला होता. मी अधिकारी म्हणून कर्जाच्या फायली आयुष्यभर पाहिल्या. मालाऐवजी रिकामे गुदाम तारण ठेवलेले पाहिले, कर्जदाराच्या मृत वडिलांची सही पाहिली. पण धनकोने स्वतःच ऋणकोची सही फाडून जपून ठेवल्याचा दाखला माझ्या पाहण्यात नाही.

इथे थांबायला हवे, कारण या चरित्राचे मर्म मला इथे दिसते. डोहेनी कोण होते? विस्कॉन्सिनमध्येच, वॉल्श यांच्याआधी तीन वर्षे, आयरिश घरात जन्मलेले. कॅथलिक, आणि दानशूर. लॉस एंजेलिसमधले सेंट व्हिन्सेंट चर्च त्यांच्या पैशातून उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाचे मोठे देणगीदार, म्हणजे पक्षही एकच. आपल्या माणसाला सांभाळून घ्यायची जी सोय प्रत्येक समाजात, प्रत्येक पक्षात असते, ती सगळी इथे हजर होती. वॉल्श यांनी ती वापरली नाही. शिवाय डोहेनींच्या साक्षीतून हेही निघाले की त्यांनी विल्यम मॅकअडू यांना वकील म्हणून पैसे दिले होते. मॅकअडू हे डेमोक्रॅटांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीचे मोठे दावेदार. स्वतःच्या पक्षाचे घर पेटण्याची शक्यता दिसत असूनही साक्षी चालूच राहिल्या. पूर्वेकडच्या बड्या वृत्तपत्रांनी वॉल्श यांना चिखलफेक करणारा ठरवले.

सिंक्लेअर यांच्या पैशाचा माग लागायला आणखी वेळ लागला. ही तर बँकवाल्याने चवीने वाचावी अशी गोष्ट. काही तेलवाल्यांनी कॅनडात एक कागदी कंपनी काढली. तिने ३ कोटी ३३ लाखांहून जास्त बॅरल तेल दीड डॉलरने विकत घेऊन पावणेदोन डॉलरने पुन्हा त्याच मंडळींच्या कंपन्यांना विकले. मधल्या पाव डॉलरचे लिबर्टी बाँड घेतले गेले. त्यांतले सव्वादोन लाखांहून जास्त किमतीचे बाँड फॉल यांच्याकडे गेले होते. बाँडांवर क्रमांक असतात, आणि सरकारी तपासनीसांना त्या क्रमांकांवरून कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावची बँक सापडली. १९२८ मध्ये वॉल्श यांनी या बाँडांची चौकशी पुन्हा उघडली, तेव्हा काही बाँड रिपब्लिकन पक्षाच्या निधीतही पोचल्याचे निघाले.

सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दोन्ही भाडेपट्टे रद्द केले. फॉल १९२९ मध्ये लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले आणि पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाणारे पहिले मंत्री झाले. तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी मात्र १९३० मध्ये निर्दोष सुटले. ज्युरीचे तर्कशास्त्र असे असते. बॅग नेणारा मुलगा नेड आणि त्याच्याबरोबर गेलेला सेक्रेटरी, दोघेही १९२९ मध्ये डोहेनींच्या वाड्यात गोळ्यांनी मेले.

दरम्यान व्हीलर हेही सिनेटर झाले होते आणि न्यायखात्याच्या भानगडी खणत होते. त्यांच्यावरच खटला भरला गेला. १९२५ मध्ये मोंटानातल्या ग्रेट फॉल्सच्या न्यायालयात त्यांच्या बचावाला स्वतः वॉल्श उभे राहिले आणि ज्युरीने व्हीलर यांना झटक्यात सोडले. १९१८ चे देणे असे फिटले असे मी म्हणत नाही. पण सात वर्षांपूर्वी ज्याला बाजूला व्हावे लागले होते, त्याच्या शेजारी ते उभे राहिले एवढे खरे.

१९२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपद वॉल्श यांच्याकडे आले. प्रश्न होता कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही. काळ्यांइतकाच कॅथलिक आणि ज्यूंचा द्वेष करणारी ही संघटना तेव्हा पक्षात घट्ट मुरली होती. नाव घेण्याचा ठराव जेमतेम एका मताच्या आसपास पडला, आणि तो पडल्याची घोषणा करण्याची वेळ एका कॅथलिक माणसावर आली. मग स्मिथ आणि मॅकअडू यांच्या रस्सीखेचीत उमेदवार ठरेना. १०३ फेऱ्या झाल्या. हातोडी घेऊन वॉल्श दिवसचे दिवस उभे होते. अखेर तिसऱ्याच माणसाला, जॉन डेव्हिस यांना, उमेदवारी मिळाली. प्रतिनिधींनी वॉल्श यांना उपाध्यक्षपदासाठी गळ घातली, ती त्यांनी नाकारली.

त्याच वर्षी बालमजुरीवर बंदी घालता यावी अशी घटनादुरुस्ती सिनेटने मंजूर केली. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल आणि अनेक कॅथलिक धर्माधिकारी तिच्या विरोधात होते. वॉल्श तिच्या बाजूने उभे राहिले. सिनेटर रोमचा हुकूम पाळतो असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर देता आले नसते, पण असल्या उत्तरांकडे कुणाचे लक्ष जात नाही.

१९२८ मध्ये त्यांनी अध्यक्षपदासाठी नाव पुढे केले. ते कॅथलिक, पण दारूबंदीचे समर्थक. स्मिथ कॅथलिक आणि दारूबंदीचे विरोधक. स्मिथ यांना विरोध धर्मामुळे नसून दारूमुळे आहे, असे म्हणणाऱ्यांना वॉल्श चालायला हवे होते. कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक फेरीत स्मिथ जिंकले आणि वॉल्श यांनी माघार घेतली. नोव्हेंबरमध्ये स्मिथही हरले.

१९३२ मध्ये रूझवेल्ट यांना उमेदवारी देणाऱ्या शिकागोच्या अधिवेशनाचे अध्यक्ष पुन्हा वॉल्श. नव्या मंत्रिमंडळात अ‍ॅटर्नी जनरल म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले. न्यायखात्यात धडकी भरली. तपास विभागाचे प्रमुख एडगर हूवर यांची खुर्ची जाणार, अशी बोलवा होती. पहिली पत्नी एलिनॉर १९१७ मध्ये वारली होती. २५ फेब्रुवारी १९३३ रोजी, ७३ व्या वर्षी, वॉल्श यांनी हवानात नीव्हेस पेरेझ शोमाँ दे त्रुफाँ या क्यूबन विधवेशी विवाह केला आणि शपथविधीसाठी ते रेल्वेने वॉशिंग्टनला निघाले. २ मार्चच्या सकाळी, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्सन गावाजवळ, ते डब्यात मृतावस्थेत सापडले. शपथविधी ४ मार्चला होता. ६ मार्चपासून रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या. त्याला कायद्याचा आधार शोधण्याचे काम वॉल्श यांच्याऐवजी होमर कमिंग्ज यांनी केले.

हेलेनात त्यांचे दफन झाले. त्यांच्या जागेवर १९३४ मध्ये ब्यूटचे जेम्स मरे निवडून आले, तेही कॅथलिक. फॉल तोवर तुरुंगातून सुटून थ्री रिव्हर्सला परतले होते. १ लाख डॉलरचे ते कर्ज फिटलेले नव्हते. काही वर्षांत डोहेनींच्याच कंपनीने त्या कर्जापोटी कुरणावर जप्ती आणली आणि फॉल यांना घर सोडावे लागले.