शालेय व्यायामाचे आद्य आचार्य : गुट्समुट्स

परीक्षा जवळ आली म्हणजे पुष्कळ घरांतून मुलांचे खेळणे सर्वांत आधी बंद होते. मैदानावर घालविलेला तास म्हणजे अभ्यासातून चोरलेला तास, अशी समजूत आईबापांच्या मनात दृढ असते. मुलेही बिचारी पाठ वाकवून तासन् तास पुस्तकापुढे बसतात. दृष्टी अक्षरांवरून फिरत राहते, चित्त मात्र भलतीकडेच भटकत असते. ही समजूत आजकालची नव्हे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका शिक्षकाने तिच्याशी जन्मभर झुंज दिली. योहान क्रिस्टोफ फ्रीड्रिख गुट्समुट्स हे त्यांचे नाव. शाळेच्या वेळापत्रकात व्यायामास मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना अग्रभागी होते.

गुट्समुट्स यांचा जन्म ९ ऑगस्ट १७५९ रोजी क्वेडलिनबुर्ग या गावी एका सामान्य कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यामुळे स्वावलंबनाचे धडे त्यांस लवकर गिरवावे लागले. शाळेत शिकत असतानाच रिटर नावाच्या एका डॉक्टरांच्या घरी ते मुलांस शिकवू लागले. पुढे १७७९ ते १७८२ पर्यंत हाले येथील विद्यापीठात त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. तेथून परतल्यावर ते पुन्हा रिटर यांच्याच घरी रुजू झाले. परंतु १७८४ साली डॉक्टर निवर्तले आणि लेकरांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांच्या विधवा पत्नीपुढे उभा राहिला.

त्याच वर्षी साल्त्समान या शिक्षणतज्ज्ञांनी श्नेप्फेनताल येथे एक नव्या धर्तीची शाळा काढली होती. रिटर यांच्या कार्ल नावाच्या लहान मुलास त्यांनी आपल्या शाळेत घेण्याचे ठरविले. १७८५ साली त्यास पोहोचविण्यास गुट्समुट्स गेले आणि त्या शाळेचेच होऊन राहिले. पुढील सुमारे अर्धशतक त्यांनी तेथेच अध्यापनात वेचले. मोठे पद किंवा मोठे शहर यांचा मोह त्यांस कधी पडला नाही.

१७८६ साली शाळेतील व्यायामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शाळेजवळच्या झाडीतील मोकळ्या जागेत मुले धावत, चर ओलांडीत, उंच उडी घेत, दोरावर व शिडीवर चढत, आडव्या लाकडावरून तोल सांभाळीत चालत आणि कुस्तीही खेळत. पोहण्यावर तर गुट्समुट्स यांचा विशेष कटाक्ष होता. १७९८ साली त्यांनी त्या विषयावर एक लहानसे पुस्तकच लिहिले. कोणास किती झेपते याकडे त्यांची बारीक नजर असे आणि प्रत्येकाच्या प्रगतीची ते नोंद ठेवीत. दुर्बळ मुलाने बलवानाशी स्पर्धा करावी असा त्यांचा आग्रह नव्हता. त्याने कालच्या स्वतःपेक्षा आज थोडे पुढे जावे, एवढेच त्यांस हवे असे.

या अनुभवाच्या आधारावर १७९३ साली त्यांनी तरुणांच्या व्यायामावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. शरीर व मन यांची फारकत करून दिलेले शिक्षण अपुरे असते, हे त्याचे सार होय. शरीर मरगळले म्हणजे बुद्धीही मरगळते. ज्ञान मनात शिरते ते इंद्रियांच्या दारांतून, आणि ती दारे गंजलेली असतील तर गुरूचे श्रम व्यर्थ जातात. म्हणून स्नायूंबरोबर नेत्र, कर्ण व स्पर्श यांस वळण लावण्याचे पाठही त्यांनी त्या ग्रंथात घातले.

याहूनही आपल्या विषयाशी जवळचा असा त्यांचा दुसरा ग्रंथ १७९६ साली बाहेर पडला. त्यात शंभराहून अधिक खेळांचे वर्णन आहे. इंग्लंडातील बेसबॉलचे नियम तपशिलाने सांगणारा हा आरंभीचा ग्रंथ मानला जातो. परंतु त्याची खरी अपूर्वाई खेळांच्या वर्गवारीत आहे. कोणत्या खेळाने निरीक्षण तीक्ष्ण होते, कोणत्याने अवधान, कोणत्याने स्मरणशक्ती व कोणत्याने कल्पनाशक्ती, अशी त्यांनी विभागणी केली. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याने क्षणभर लक्ष चुकविले की डाव हातचा गेलाच. हे ज्याने अनुभविले आहे, त्यास या वर्गवारीचे मर्म निराळे सांगावयास नको.

गुट्समुट्स केवळ व्यायामशिक्षक नव्हते. भूगोल हाही त्यांचा आवडता विषय होता. ज्या चिमुकल्या कार्ल रिटरचे बोट धरून ते श्नेप्फेनताल येथे आले, तोच पुढे जगद्विख्यात भूगोलज्ञ झाला आणि १८२० साली बर्लिन विद्यापीठात त्या विषयाचा प्राध्यापक म्हणून नियुक्त झाला. मैदानावर गेलेला वेळ विद्येच्या आड येतो, असे म्हणणाऱ्यांस याहून बोलके उत्तर कोणते असू शकेल?

त्यांच्या कार्याचे लोण लवकरच देशोदेशी पोहोचले. १७९९ साली कोपनहेगन येथे नाख्तेगाल यांनी व्यायामशाळा काढली आणि १८१४ साली डेन्मार्कने प्राथमिक शाळांत व्यायामाचा अंतर्भाव कायद्याने केला. १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षकांची संस्था निघाली. १८०० साली त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले, परंतु त्यावर कर्ता म्हणून नाव आले ते साल्त्समान यांचे! कीर्ती अशी दुसऱ्याच्या दारी गेली, तरी कार्य थांबले नाही. २१ मे १८३९ रोजी शाळेनजीकच्या इबेनहाइन येथे त्यांचे देहावसान झाले. श्नेप्फेनतालची ती शाळा आजही चालू आहे.

गुट्समुट्स यांनी जे अनुभवाने जाणले, त्यास आता शास्त्राचाही आधार मिळाला आहे. चपळ हालचालीने मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, आणि थोड्या व्यायामानंतर मुलांचे लक्ष पाठावर अधिक चांगले टिकते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. अर्थात खेळामुळे अभ्यास आपोआप होतो असे मात्र कोणी समजू नये. नांगरलेल्या शेतातही बी पेरावेच लागते. तरीही नांगरट केल्यावाचून पेरलेले बी वाया जाते, हेही तितकेच खरे. यास्तव, पालकहो, परीक्षेच्या दिवसांतही सायंकाळचा एक तास मुलांकडून हिरावून घेऊ नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, तो तास संपताच घाम पुसून, ताज्या मनाने पुस्तकाकडे वळण्यास विसरू नका.