प्लेगचा शोधक, न्हा त्रांगचा शेजारी

१८९४ च्या जून महिन्यात हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस चार दिवसांत जायचा. हा रोग कशामुळे होतो, हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी १५ जूनला एक तिशीतला डॉक्टर व्हिएतनामहून तिथे पोहोचला. बरोबर सूक्ष्मदर्शक आणि थोडीफार उपकरणे होती. इंग्रजी येत नव्हते, ओळखीपाळखी नव्हत्या. त्याच्या तीन दिवस आधी जपानचे नामवंत जंतुशास्त्रज्ञ शिबासाबुरो किटासाटो आपल्या पथकासह दाखल झाले होते. रुग्णालयातली प्रयोगशाळा आणि तपासणीसाठीचे मृतदेह, दोन्ही त्यांच्याच वाट्याला गेले होते.

या डॉक्टरने मग रुग्णालयाच्या आवारात गवताने शाकारलेली एक झोपडी उभारून घेतली. एका इटालियन पाद्र्याच्या मदतीने मृतदेह पुरण्याच्या कामावरच्या खलाशांना थोडे पैसे चारले आणि शवागारात काही मिनिटांसाठी प्रवेश मिळवला. एका मृतदेहावरची गाठ कापून तो झोपडीत आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर गाठीतल्या द्रवात आखूड, गोलसर टोकांच्या जंतूंची दाटी होती. तारीख होती २० जून १८९४. युरोपात चौदाव्या शतकात कोट्यवधी माणसे मारणाऱ्या रोगाचे कारण त्या झोपडीत सापडले. त्या जंतूचे आजचे नाव यर्सिनिया पेस्टिस आणि त्या डॉक्टरचे नाव अलेक्झांडर यर्सिन.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना यर्सिन माहीत असतात ते एवढ्याचसाठी. पण ७९ वर्षांच्या त्यांच्या आयुष्यातले हे जेमतेम काही आठवडे. उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग त्यांनी व्हिएतनाममधल्या न्हा त्रांग या कोळ्यांच्या गावी काढला. औषध, पशुवैद्यक, शेती, हवामान आणि व्यापार या सगळ्यांची गाठ घालणाऱ्या संशोधनाचा पाया त्यांनी तिथे रचला.

यर्सिन यांचा जन्म २२ सप्टेंबर १८६३ रोजी स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात झाला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यावर अधिकारी होते आणि कीटकांचा अभ्यास हा त्यांचा छंद होता. मुलाच्या जन्मापूर्वी काही आठवडेच ते वारले. आईने मोर्ज गावात मुलींची शाळा चालवून तीन मुलांना वाढवले. वडिलांनी मागे ठेवलेला कीटकांचा संग्रह आणि सूक्ष्मदर्शक या मुलाच्या हाती लागले आणि निरीक्षणाची सवय तिथूनच जडली.

लोझान आणि मारबर्ग इथे शिकून ते पॅरिसला आले. १८८६ मध्ये रेबीजने मेलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन करताना त्यांचा हात कापला. त्या काळी हा जवळजवळ मृत्युदंडच. पण लुई पाश्चर यांची रेबीजवरची लस नुकतीच वापरात आली होती. पाश्चर यांचे सहकारी एमिल रू यांनी ती यर्सिनना टोचली आणि ते वाचले. पुढे रू यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेतले. घटसर्पाचा जंतू घशात राहतो, मग हृदय आणि मज्जातंतू का निकामी होतात, हे कोडे या दोघांनी सोडवले. जंतू एक विष तयार करतो आणि ते रक्तातून शरीरभर पसरते, हे त्यांनी दाखवून दिले. घटसर्पावर प्रतिविष तयार करण्याचा मार्ग याच शोधामुळे खुला झाला.

पाश्चर संस्थेत मोठी जागा मिळणार, हे दिसत होते. पण १८९० मध्ये यर्सिन यांनी सगळे सोडून प्रवासी बोटीवर डॉक्टरची नोकरी धरली. सायगाव ते मनिला, मग सायगाव ते हायफाँग अशा फेऱ्या सुरू झाल्या. बोटीवरून दिसणारा न्हा त्रांगचा किनारा आणि त्यामागचे डोंगर त्यांना खुणावू लागले. १८९१ मध्ये ते तिथे उतरले आणि तिथलेच झाले. त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी नकाशावर कोऱ्या असलेल्या मुलखात पायपीट केली. वाटेत लुटारूंच्या हल्ल्यात ते गंभीर जखमी झाले. २१ जून १८९३ रोजी ते पाइनची झाडे असलेल्या लांगबियांग या थंड पठारावर पोहोचले. त्यांच्याच शिफारशीवरून तिथे पुढे दा लात हे थंड हवेचे शहर वसले. त्यानंतर वर्षभरातच त्यांची रवानगी हाँगकाँगला झाली.

तिथल्या यशात गैरसोयीचाही वाटा होता. किटासाटो यांच्याकडे शरीराच्या तापमानाला जंतू वाढवणारी उबवणी पेटी होती. यर्सिन यांच्याकडे ती नव्हती, त्यामुळे त्यांचे नमुने झोपडीतल्या हवेतच वाढले. प्लेगचा जंतू शरीरापेक्षा कमी तापमानात अधिक चांगला वाढतो, हे नंतर कळले. शिवाय किटासाटो यांनी रक्तावर भर दिला, तर यर्सिन थेट गाठीकडे वळले. किटासाटो यांच्या नमुन्यांत दुसरे जंतूही मिसळले असावेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. यर्सिन यांनी आणखी एक गोष्ट टिपली. शहरात जागोजागी उंदीर मरून पडत होते आणि त्यांच्या शरीरातही तोच जंतू होता.

कारण कळले, आता उपाय हवा होता. पॅरिसला जाऊन त्यांनी रू, काल्मेट आणि बोरेल यांच्यासह सीरमवर काम केले. घोड्याला प्लेगच्या जंतूंची मात्रा हळूहळू वाढवत टोचायची, त्याच्या शरीरात प्रतिकारद्रव्ये तयार होऊ द्यायची आणि त्याच्या रक्तातला पातळ भाग रुग्णाला द्यायचा, अशी ही पद्धत. लस निरोगी माणसाला आधी देतात, सीरम आजारी पडल्यावर. १८९६ मध्ये चीनमधल्या कँटन इथे त्यांनी एका तरुणाला सीरम दिले आणि तो वाचला. मग आमॉय बंदरात २३ रुग्णांना ते टोचले. त्यातले दोघेच दगावले. प्लेगवर औषध सापडले, अशी आशा जगभर पसरली.

ती आशा मुंबईत मावळली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले होते. मार्च १८९७ मध्ये यर्सिन सीरम घेऊन मुंबईत आले. लोक तपासणी पथकांना घाबरून आजारी माणूस घरात लपवत होते. त्याच आठवड्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. यर्सिन यांच्यापुढे येणारे अनेक रुग्ण फार उशिरा येत. जंतूचे विष शरीरभर पसरल्यावर सीरमचा उपयोग होत नाही. घाईने तयार केलेले सीरमही पुरेसे जोरदार नव्हते. आमॉयसारखे आकडे मुंबईत दिसले नाहीत. मरणारांची संख्या मोठी राहिली आणि टीका सुरू झाली. त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन यांनी मेलेल्या जंतूंपासून केलेली लस जानेवारीत स्वतःला टोचून घेतली होती आणि तिचा बोलबाला होत होता. यर्सिन काही महिन्यांतच न्हा त्रांगला परतले. २३ रुग्णांवरचे यश म्हणजे सिद्ध झालेले औषध नव्हे, हा धडा त्यांना मुंबईने दिला.

त्यांचे काम पुढे चालवायला पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर आले. मेलेल्या उंदरांचे यर्सिन यांनी टिपलेले निरीक्षण त्यांनी आणखी पुढे नेले. २ जून १८९८ रोजी कराचीतल्या प्रयोगात त्यांनी दाखवले, की उंदरावरची पिसू हा रोग दुसऱ्या उंदराकडे नेते. आधी अनेकांनी ते हसण्यावारी नेले, पण काही वर्षांतच भारतातल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ते खरे ठरवले. जंतू, उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पूर्ण झाली.

न्हा त्रांगमध्ये मात्र वेगळाच प्रश्न उभा होता. गुरे बुळकांडीने पटापट मरत होती. भातशेतीत रेडा गेला की कुटुंबाची नांगरणी थांबते आणि मग उपासमार येते. म्हणजे गुरांचा रोग हासुद्धा माणसाच्याच आरोग्याचा प्रश्न. यर्सिन यांनी प्रयोगशाळेचा मोर्चा बुळकांडीच्या सीरमकडे वळवला. त्यासाठी घोडे आणि गुरे पाळायची तर चारा हवा, जमीन हवी, पैसा हवा. न्हा त्रांगपासून सुमारे २० किलोमीटरवर सुओई दाउ इथे त्यांनी जमीन घेतली आणि १८९९ मध्ये तिथे ब्राझीलच्या रबराची रोपे लावली. कोणत्या जमिनीत किती चीक निघतो, झाडाला चीर कशी आणि केव्हा द्यावी, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. काही वर्षांनी पहिले रबर मिशेलिन कंपनीला विकले गेले आणि त्या उत्पन्नावर प्रयोगशाळा चालू लागली. सरकारी अनुदानाची वाट न पाहता शेतीने संशोधन पोसायचे, असा हा हिशेब होता.

या हिशेबाची दुसरी बाजूही होती. रबराचे पीक या भूमीत रुजते, हे सिद्ध झाल्यावर दक्षिण व्हिएतनाममध्ये मोठमोठे मळे उभे राहिले. तिथल्या मजुरांचे हाल इतके झाले, की १९३० मध्ये फू रिएंगच्या मळ्यात कामगारांनी उठाव केला. यर्सिन त्या मळ्यांचे मालक नव्हते, पण ते वसाहतीच्या राजवटीतच काम करत होते आणि त्यांच्या शोधाचा नफा कुणाच्या खिशात गेला, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

त्यांचा पुढचा ध्यास होता सिंकोना. हिवतापावरचे क्विनाइन या झाडाच्या सालीपासून मिळते आणि जगाचा बहुतेक पुरवठा डचांच्या जावा बेटावरून होत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात यर्सिन यांनी हॉन बा डोंगरावर, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, ठाणे उभारून सिंकोनाची लागवड करून पाहिली. तिथली जमीन मानवली नाही. मग त्यांनी लांगबियांगच्या बाजूला द्रान आणि जिरिंग इथे रोपे हलवली. माती, पाऊस आणि उंची यांचा मेळ बसायला वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धात जावाचा पुरवठा तुटला, तेव्हा याच बागांमधले क्विनाइन व्हिएतनाममधल्या रुग्णांच्या कामी आले.

मधल्या काळात, १९०२ मध्ये, हनोईत वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून यर्सिन यांनी दोन वर्षे काम पाहिले. सुरुवातीला तिथल्या पदवीला फ्रान्समधल्या पदवीचा दर्जा नव्हता. व्हिएतनामी विद्यार्थ्यांना तो मिळायला बराच काळ जावा लागला. पण याच शाळेच्या परंपरेतून पुढे यकृताच्या शस्त्रक्रियेत जगभर नाव मिळवणारे तोन थात तुंग घडले. युद्धाच्या धामधुमीत जंगलात पेनिसिलिन तयार करणारे दांग व्हान न्गू हेही तिथलेच. न्गू हिवतापावर काम करत असताना १९६७ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मारले गेले. १९४५ नंतर या शाळेची धुरा हो दाक दी या व्हिएतनामी डॉक्टरांकडे आली. आज ती हनोई वैद्यकीय विद्यापीठ म्हणून उभी आहे.

न्हा त्रांगच्या कोळ्यांना यातले फारसे ठाऊक नव्हते. त्यांच्यासाठी यर्सिन म्हणजे ओंग नाम, पाच पट्ट्यांचे साहेब. लष्करी डॉक्टरच्या हुद्द्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. ते गरीब रुग्णांकडून पैसे घेत नसत. आजारी माणसाकडून पैसे मागणे म्हणजे त्याच्या जिवाची किंमत मागणे, असे त्यांना वाटे. किनाऱ्यावरच्या घरात ते वायुभारमापक पाहत, भरती-ओहोटी नोंदवत, आकाशाचे निरीक्षण करत. वादळाची चिन्हे दिसली की कोळ्यांना समुद्रात जाण्यापासून रोखत आणि वादळ आलेच तर आपल्या भक्कम घरात त्यांना आसरा देत. लग्न त्यांनी केले नाही. मोटारी, रेडिओ आणि छायाचित्रण यांचे वेड मात्र म्हातारपणापर्यंत टिकले. मे १९४० च्या अखेरीस, जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ येत असताना, ते विमानाने तिथून निघाले आणि न्हा त्रांगला परतले. युरोप त्यांना पुन्हा दिसला नाही.

१ मार्च १९४३ रोजी, जपानी ताब्यातल्या व्हिएतनाममध्ये, त्यांचे निधन झाले. थाटमाट नको, भाषणे नकोत आणि सुओई दाउलाच पुरा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. जंतूला त्यांचे नाव मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. देश स्वतंत्र झाल्यावर फ्रेंच राजवटीतल्या अनेक अधिकाऱ्यांची नावे रस्त्यांवरून पुसली गेली, यर्सिन यांचे राहिले. २०१४ मध्ये व्हिएतनामने त्यांना मरणोत्तर मानद नागरिकत्व दिले. सुओई दाउच्या त्या टेकडीवर, रबराच्या जुन्या मळ्याच्या जागी, गावकरी आजही त्यांच्या समाधीपुढे उदबत्ती लावतात.