कचारगडच्या बंद गुहेत किंगरीचा सूर पोहोचला, तेव्हा काय झालं? हिरासुका पाटालीरची गोष्ट

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला इथं महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड भाविक येतात. लिंगो आणि माता जंगोसोबत इथं आणखी एक नाव आदराने घेतलं जातं, ते हिरासुका पाटालीरचं.

हिरासुकाचा जन्म कधी झाला, याची कुठं नोंद नाही. त्याचं आयुष्य गोंडांच्या पिढीजात कथेतून कळतं. कली कंकालीची 33 मुलं या गुहेत कोंडली होती आणि तोंडावर भलीमोठी शिळा होती. त्यांना सोडवायला निघालेल्या पहांदी पारी कुपार लिंगोने हिरासुकाला सोबत घेतलं, कारण तो संगीतकार होता. त्याने गुहेबाहेर किंगरी छेडली. तो सूर ऐकून मुलांच्या अंगात बळ आलं. सगळ्यांनी मिळून आतून शिळा ढकलली. मुलं सुटली, पण शिळेखाली सापडून हिरासुका गेला. पुढे हीच मुलं लिंगोची शिष्य झाली.

ही कथा आहे, पण सुराने माणूस हलतो हे मात्र मेंदूविज्ञानालाही माहीत आहे. कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात आवाज ओळखणारी केंद्रं असतात. शब्द समजायच्या आधीच सुरातली भीती, माया किंवा राग टिपला जातो. यात मेंदूची उजवी बाजू जास्त काम करते. संगीतातली भावनाही बरीचशी याच खुणांवरून कळते: वेग, चढउतार, जोर.

दुसरी गोष्ट, हा आवाज माझ्यासाठी आहे का, हेही मेंदू सतत तपासतो. 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांच्या प्रयोगात लोकांचं लक्ष एका कानातल्या मजकुरावर होतं. तरी दुसऱ्या कानात आलेलं स्वतःचं नाव सुमारे एक तृतीयांश जणांना ऐकू आलं. झोपेतही मेंदू आपल्या नावाला वेगळा प्रतिसाद देतो.

गोंडांच्या परधान गायकांकडे या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ते किंगरीवर यजमान घराण्याचं कूळ आणि देवांच्या कथा गातात. म्हणजे ऐकणाऱ्याला सूरही भिडतो आणि त्यात आपलंच कूळ ऐकू येतं. पण गाणारे कमी झाले, तर लेखी नोंद नसलेल्या अशा कित्येक कथा त्यांच्यासोबत जातील. हिरासुकाचं नाव आजवर टिकलं, ते अशाच गळ्यांमुळे.