छात्रालयांतील साने गुरुजी

वेल्ह्याच्या किंवा भोरच्या डोंगरी वाड्यांतून जो मुलगा शिक्षणासाठीं घर सोडून वसतिगृहांत राहावयास येतो, त्याच्या मनाची स्थिति आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. वय तेरा-चौदा; आईची आठवण येते, पण ती कोणास सांगवत नाहीं. मग तो उर्मटपणा करितो, अभ्यास टाळितो, नाहींतर घुम्यासारखा कोपऱ्यांत बसतो. अशा मुलांचा विश्वास ज्यांनीं उत्तम प्रकारें संपादन केला, त्या पांडुरंग सदाशिव साने यांचें अल्पचरित्र आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड येथें झाला. घराणें खोतांचें, परंतु वैभव ओसरलेलें. दापोलीच्या मिशन हायस्कुलांत त्यांचें कांहीं शिक्षण झालें, ही गोष्ट आमच्यासारख्या शाळेस अभिमानाची वाटते. पुढें घरची गरिबी वाढली, तेव्हां ते औंध संस्थानांत गेले व तेथून पुण्यास आले. १९१७ सालीं आई वारली, त्या वेळींही हा मुलगा घरापासून दूरच होता. परक्या गांवीं वाढणाऱ्या पोराचें दुःख त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

१९२४ सालीं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले व पुढें तेथील छात्रालयाचा भार त्यांजकडे आला. खोली अस्ताव्यस्त दिसली तर ते मुलास न बोलतां स्वतः केर काढीत. मळके कपडे पडलेले असले तर धुवून वाळत घालीत. कोणी आजारी पडला तर उशाशीं बसून शुश्रूषा करीत. पहिल्यानें मुलांस याचें नवल वाटलें असेल, कोणी हंसलाही असेल. पण गुरुजींच्या हातीं केरसुणी पाहून मुलगा फार दिवस अंथरुणांत लोळत राहूं शकत नाहीं. मुलें आपण होऊन कामें करूं लागलीं. शिवाय गुरुजी मुलांसाठीं स्वहस्तें ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. रोज आपल्यासाठीं कोणी जागून लिहितो, हें मुलांस दिसत होतें.

ही रीत सोपी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. छडीचा परिणाम तत्काळ दिसतो. हिचा दिसावयास महिने लागतात, आणि तोंवर शिक्षकास दुबळा समजून त्याचा फायदा घेणारे विद्यार्थी निघतातच. आम्हां शिक्षकांचा धीर बहुधा येथेंच सुटतो.

१९३० सालीं नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहांत पडले. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं उतरून घेतलीं. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली. तींत श्याम आपल्या सोबत्यांस रात्रीं गोष्टी सांगतो, आणि त्यांत स्वतःचा भित्रेपणा, हट्ट, चोरी, कांहींच लपवीत नाहीं. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं त्यांनीं उपोषण केलें, व १९४८ सालीं ‘साधना’ साप्ताहिक काढलें. ११ जून १९५० रोजीं त्यांचें निधन झालें. छात्रालयांतील त्यांचीं वर्षें अवघीं सहाच्या आंतलीं, पण ‘गुरुजी’ हें नांव त्यांस जन्मभर चिकटलें तें तेथीलच.